जुन्या बुलेटला रुंद टायर: जागा मोजण्यापासून चाक चढवण्यापर्यंत

कास्ट आयर्न (सीआय) इंजिनाची, उजव्या पायात गिअर असलेली बुलेट ३५० कंपनीतून पुढे-मागे ३.२५-१९ टायरवर यायची, म्हणजे टायरची रुंदी ३.२५ इंच आणि रिमचा व्यास १९ इंच. आजच्या डोळ्याला ते टायर बारीक वाटतात, म्हणून गाडी रंगवून झाली की पहिला विचार मागे जाड टायर टाकण्याचा असतो. टायर बसतोही. गाडी डबल स्टँडवर असताना चाक मोकळं फिरतं, मिस्त्री समाधानाने मान हलवतो आणि काम झालं असं सगळ्यांना वाटतं. मग मागे माणूस बसवून एखाद्या खड्ड्यातून गाडी जाते तेव्हा मडगार्डखालून खर्र असा आवाज येतो.

कारण साधं आहे. स्टँडवर मागचं चाक लोंबकळत असतं आणि मडगार्डपासून सगळ्यात लांब असतं. जागा मोजायची ती शॉकअप पूर्ण दबलेला असताना, चेन दोन्ही टोकांना धरून, आणि टायर जुना झाल्यावर जेवढा फुगेल तेवढी वाढ मिळवून. हा लेख सीआय बुलेट ३५० समोर ठेवून लिहिला आहे. जावा, येझदी, आरएक्स १०० अशा गाड्यांचे आकडे वेगळे असले तरी मोजण्याची रीत तीच.

आधी रिम बघा, मग टायर

टायरची रुंदी रिमच्या रुंदीशी बांधलेली असते. जुन्या गाड्यांच्या रिमवर ‘डब्ल्यूएम’ अशी खूण असते: डब्ल्यूएम-२ म्हणजे आतून १.८५ इंच, डब्ल्यूएम-३ म्हणजे २.१५ इंच, डब्ल्यूएम-४ म्हणजे २.५० इंच. बुलेटला सहसा डब्ल्यूएम-२ असते. खूण गंजली असेल तर टायर काढून व्हर्नियरने रिमच्या दोन कडांच्या आतल्या भिंतींमधलं अंतर मोजा. कडांची जाडी धरू नका. ४७ मिमी आलं तर डब्ल्यूएम-२, ५४–५५ आलं तर डब्ल्यूएम-३.

डब्ल्यूएम-२ वर ३.२५ आणि ३.५० दोन्ही नीट बसतात. ४.०० किंवा ११०/९० साठी डब्ल्यूएम-३ ही खालची मर्यादा समजावी. अरुंद रिमवर जाड टायर चढतो, हवाही धरतो, पण त्याच्या दोन्ही कडा जवळ ओढल्या जातात. माथा टोकदार होतो, टायर उंच होतो आणि बाजूच्या भिंतींना आधार राहत नाही. रस्त्याला टेकणारी पट्टी मधल्या मध्ये अरुंद होते, म्हणजे ज्यासाठी टायर बदलला तेच हातून जातं. वळणात गाडी आधी टायरच्या भिंतीवर डुलते आणि मग वळते.

एक हिशेब लक्षात ठेवा: रिम अर्धा इंच रुंद केली की त्याच टायरची रुंदी साधारण ५ मिमीने वाढते. त्यामुळे डब्ल्यूएम-२ वर मोजलेली रुंदी डब्ल्यूएम-३ वर तशीच राहणार नाही, सुमारे ३ मिमी जास्त भरेल.

नव्या टायरची अंदाजे मापं अशी. कंपनी आणि नक्षीप्रमाणे ती थोडी मागे-पुढे होतात, म्हणून दुकानात फुगवलेला नमुना मिळाला तर तोच मोजावा.

- ३.२५-१९: रुंदी ८९ मिमी, बाहेरचा व्यास ६६० मिमी
- ३.५०-१९: रुंदी ९३ मिमी, व्यास ६७३ मिमी
- ४.००-१९: रुंदी १०८ मिमी, व्यास ६९७ मिमी
- ११०/९०-१८: रुंदी ११० मिमी, व्यास ६५५ मिमी
- १२०/८०-१८: रुंदी १२० मिमी, व्यास ६४९ मिमी

मेट्रिक टायरचा व्यास स्वतः काढता येतो. रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात भिंतीची उंची दोनदा मिळवायची. ११०/९०-१८ मध्ये भिंत ११० च्या ९० टक्के, म्हणजे ९९ मिमी. ४५७ अधिक १९८, झाले ६५५.

या यादीतून दोन वेगळ्या अडचणी दिसतात. ४.००-१९ घेतला तर त्रिज्या १८ मिमीने वाढते, म्हणजे मडगार्ड आडवं येतं. ११०/९०-१८ घेतला तर उंचीचा प्रश्नच नाही, उलट त्रिज्या २–३ मिमीने कमी होते. पण प्रत्येक बाजूला साडेदहा मिमी रुंदी वाढते आणि डावीकडे चेन आडवी येते. शिवाय १८ इंची रिम म्हणजे नवीन आरे, कारण त्रिज्येत १२.७ मिमीचा फरक पडतो आणि जुने आरे लांब पडतात. बुलेटच्या चाकाला ४० आरे असतात. विणकाम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

आमचं मत स्पष्ट आहे. काहीही न कापता-ठोकता जी गाडी चालवायची आहे तिला मागे ३.५०-१९ हा योग्य बदल आहे. रुंदी बाजूला जेमतेम २ मिमी वाढते, त्रिज्या ६–७ मिमी वाढते आणि रिम तीच चालते. जुन्या बुलेट ५०० ला मागे हाच आकार असायचा. ४.०० हा मोजून सिद्ध झाल्यावरच घ्यायचा टायर. १२०/८० या चिमट्यात, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्ममध्ये, बसवण्याच्या भानगडीत पडूच नये.

टायरच्या बाजूवर लिहिलेला भार आणि वेगाचा आकडाही वाचा. ५४ म्हणजे २१२ किलो, ५७ म्हणजे २३० किलो, ६५ म्हणजे २९० किलो. त्यापुढचं पी हे अक्षर ताशी १५० किमीपर्यंत, एस १८० पर्यंत. मूळ टायरपेक्षा कमी भाराचा टायर रुंद असला तरी घेऊ नये. शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात: १४२४ म्हणजे २०२४ चा चौदावा आठवडा. १९ इंची आकार दुकानात फार हलत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर माथी मारला जाण्याची शक्यता या मापात जास्त असते. आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

मोजण्याआधी गाडी मोजण्याच्या लायकीची करा

मागच्या चिमट्याचे, म्हणजे स्विंग आर्मचे बुश झिजलेले असतील तर आज मोजलेली १० मिमी जागा रस्त्यावर ६ होते. गाडी डबल स्टँडवर घ्या, स्टँडखाली २५–३० मिमीची फळी सरकवा म्हणजे चाक जमिनीपासून नीट सुटेल. मागचा टायर पुढून आणि मागून धरून आडवा हलवा. खटका जाणवला तर तो चिमट्याच्या बुशमधून येतोय की चाकाच्या बेअरिंगमधून हे बोट लावून ओळखा. दोन्ही आधी बदला.

मग रिमचा आउट, म्हणजे फिरताना ती किती डुलते, ते बघा. चिमट्याला वायरने एक टोकदार तार बांधा, टोक रिमच्या कडेपासून एक-दोन मिमीवर ठेवा आणि चाक हळू फिरवा. आडवा किंवा उभा आउट २ मिमीपेक्षा जास्त नको. रुंद टायर टाकणार असाल तर १ मिमीच्या आत आणा. सैल आरे पक्कडने दाबून आणि टिचकी मारून ओळखता येतात. घट्ट आरा खणखणतो, सैल आरा बद्द वाजतो.

चेनचा ताण आत्ता बरोबर करून घ्या: खालच्या भागाच्या मध्यावर वर-खाली मिळून सुमारे २५ मिमी हालचाल. ॲडजस्टर गोगलगायीच्या आकाराच्या चकत्यांचे असतात. दोन्ही बाजूंना सारख्याच खाचेवर आहेत ना ते मोजा. चाक तिरपं असेल तर पुढची सगळी मापं खोटी निघतील.

बाजूची जागा

लागणारी हत्यारं घरची आहेत: व्हर्नियर, ३०० मिमीची पोलादी पट्टी, पुठ्ठा, खडू, आणि ६, ८ व १० मिमीच्या ॲलन की. फटीत हात जात नाही तिथे ॲलन की घालून बघायची. आत शिरली तर तेवढी जागा आहे.

टायरचा सगळ्यात रुंद भाग कुठे येतो ते आधी ठरवा, कारण तो बदलतो. ३.२५-१९ मध्ये तो ॲक्सलच्या मध्यापासून साधारण २८५ मिमीवर असतो, ४.००-१९ मध्ये २९५ च्या आसपास, ११०/९०-१८ मध्ये २८० च्या आसपास. जागा मोजायची ती नव्या टायरच्या या त्रिज्येवर. सध्याचा टायर जिथे फुगलेला दिसतो तिथे मोजून उपयोग नाही. ॲक्सलपासून पट्टी धरून चिमट्यावर आणि चेन कव्हरवर खडूने त्या त्रिज्येची खूण करा.

डावीकडे चेन, चेन कव्हर, चेन कव्हरचे बोल्ट आणि चिमट्याचा दांडा ही चार ठिकाणं. उजवीकडे बहुतेक फक्त दांडा. चेनची आतली बाजू पट्टी लावून मोजा. चेन चालताना आत-बाहेर डुलते, त्यामुळे चेन हाताने टायरकडे दाबूनही एकदा मोजा.

समजा आत्ताचा टायर प्रत्यक्षात ८८ मिमी रुंद आहे, चेन ते टायर २२ मिमी आणि उजवा दांडा ते टायर २४ मिमी. नवा ४.०० टायर डब्ल्यूएम-३ वर १०८ भरणार. दर बाजूला १० मिमी गेले, उरले डावीकडे १२ आणि उजवीकडे १४. आता वाढ वजा करा. नायलॉनचा क्रॉस-प्लाय टायर हवा भरल्यावर पहिल्या दिवसात आणि मग पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडा पसरतो. वेगात तो फुगतो, वळणात चाक आणि चिमटा थोडे वाकतात. या तिन्हींचे मिळून दर बाजूला ५–६ मिमी धरा. डावीकडे राहिले ६. चालवता येईल.

नवा टायर थंड आणि स्थिर असताना पाळायची किमान जागा अशी: चेनपासून ८ मिमी, चिमट्याच्या दांड्यापासून ६, मडगार्डच्या कडांपासून ८. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात मातीच्या रस्त्यांवर गाडी फिरणार असेल तर मडगार्डचा आकडा दुप्पट करा. लाल चिकट माती टायर आणि मडगार्डमध्ये भरत जाते, वाळते आणि शेवटी चाकच धरून ठेवते. पुढचं चाक असं धरलं गेलं तर पडायला वेळ लागत नाही.

पुठ्ठ्याचा साचा इथे फार कामाचा. नव्या टायरचा आडवा छेद पुठ्ठ्यावर काढा, म्हणजे १०८ मिमी रुंद, टायरच्या भिंतीइतका उंच आणि माथ्याला गोल असा आकार, आणि तो कापून चिमट्याच्या आतून, ॲक्सलपासून योग्य अंतरावर धरून फिरवा. आकडे डोक्यात राहत नाहीत. साचा जिथे अडकतो ती जागा मात्र लगेच दिसते.

शॉकअप दाबलेला असताना

हे माप बहुतेक जण घेत नाहीत, आणि टायर घासण्याच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

दोन्ही मागचे शॉकअप काढा. एकाची दोन डोळ्यांच्या मध्यांमधली मोकळी लांबी मोजा. मग स्प्रिंग दाबण्याच्या उपकरणाने स्प्रिंग उतरवून दांडा किती आत जातो ते मोजा. टोकाला असलेल्या रबराची अर्धी जाडी दबते असं धरा. मोकळ्या लांबीतून हा प्रवास वजा केला की पूर्ण दबलेली लांबी मिळते. स्प्रिंग दोरी किंवा क्लिप लावून दाबण्याचा प्रयत्न करू नका, ती सुटली तर हात मोडते. उपकरण नसेल तर एवढं काम दुकानातून करून घ्या.

आता २५×५ मिमीच्या लोखंडी पट्टीचे दोन तुकडे घ्या. दोन भोकांमधलं अंतर पूर्ण दबलेल्या लांबीइतकं ठेवा. भोकं शॉकअपच्या बोल्टच्या मापाची. या पट्ट्या शॉकअपच्या जागी लावल्या की चाक खड्ड्यात दबल्यावर जिथे जाईल तिथेच अडकून राहतं. चाक हाताने फिरवा आणि चार ठिकाणी बघा: मडगार्डचा माथा, सीटखालचा पुढचा भाग, चिमट्याच्या दोन दांड्यांना जोडणारी आडवी नळी, आणि मडगार्डचं शेपूट.

मडगार्डच्या आत बोटं फिरवून बघा. पत्रा लांब असला तरी आतून बाहेर आलेली बोल्टची टोकं ८–१० मिमी खाली लोंबतात, आणि टेल लॅम्पची वायर तर बऱ्याच गाड्यांत मडगार्डच्या आतूनच जाते. टायर सगळ्यात आधी तीच वायर खातो. दिवा गेल्यावर लोक बल्ब बदलत बसतात.

या स्थितीत टायरच्या माथ्यापासून सगळ्यात जवळच्या वस्तूपर्यंत १२ मिमी तरी हवेत. सध्याचा टायर लावूनच मोजायचं आणि नव्या टायरची जादा त्रिज्या वजा करायची: ३.५० साठी ६–७, ४.००-१९ साठी १८. दबलेल्या स्थितीत आज ३० मिमी जागा असेल तर ४.००-१९ नंतर १२ उरते, म्हणजे काठावर. २४ असेल तर तो टायर विसरा.

पट्ट्या बनवायच्या नसतील तर दुसरा मार्ग आहे, थोडा ढोबळ. मडगार्डच्या आत माथ्यावर घट्ट कणकेचा किंवा मुलांच्या चिकणमातीचा २५ मिमी जाड गोळा चिकटवा, टायरला पाण्याचा हात लावा आणि दोन माणसं बसवून एखाद्या गतिरोधकावरून हळू जाऊन या. गोळ्याची उरलेली जाडी म्हणजे तुमची जागा. पण हे फक्त त्या एका धक्क्याचं माप आहे. खरा खड्डा त्याहून खोल असू शकतो.

स्प्रिंगचा ताण वाढवून हा प्रश्न सुटत नाही. शॉकअप कडक केला तर तो टोकाला कमी वेळा पोचेल, पण पोचेल तेव्हा टायर तिथेच जाणार आहे. पट्ट्या काढल्यावर, शॉकअप परत लावण्याआधी, चिमटा वर-खाली करून चेनही तपासून घ्या. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, चिमट्याची खुंटी आणि ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताठ होते. तिथेही थोडी ढील राहिली पाहिजे.

पुढचं चाक

पुढे डब्ल्यूएम-२ रिमवर ३.५०-१९ च्या वर जाऊ नये, आणि ३.२५ वरच थांबलात तर काहीच बिघडत नाही. बुलेटचं पुढचं मडगार्ड फोर्कच्या खालच्या नळ्यांना बांधलेलं असतं आणि चाकाबरोबरच वर-खाली होतं. त्यामुळे टायर-मडगार्ड अंतर फोर्क दबल्याने बदलत नाही. बघायचं ते मडगार्डच्या आतले रिव्हेट आणि पट्ट्यांचे बोल्ट (किमान १२ मिमी), फोर्कच्या नळ्या (किमान ६ मिमी), आणि मडगार्ड वॉशर घालून उचललं असेल तर फोर्क पूर्ण दबल्यावर ते वरच्या जोडपट्टीला लागतं का. हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून ब्रेकची केबल टायरला चिकटत नाही ना तेही बघा.

पुढे फार रुंद टायर टाकला की स्टीअरिंग जड होतं आणि हँडल वळणात आत पडायला बघतं. ज्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते तिथे पुढच्या टायरचा व्यास बदलला की काटा तेवढाच खोटा होतो.

जागा कमी पडली तर काय करावं आणि काय करू नये

बोल्ट उलटे करा. घुमटी माथ्याचा बोल्ट आतून घालून नट बाहेर आणला की ६–८ मिमी सहज मिळतात, आणि हे काम दहा मिनिटांचं आहे. टेल लॅम्पची वायर पीव्हीसी नळीत घालून मडगार्डच्या कडेने, पत्र्याला चिकटवून न्या. मडगार्डच्या बोल्टखाली ५ ते १० मिमीचे बुश घालून ते उचलता येतं. पट्ट्यांची भोकं जुळतात का बघा, जबरदस्तीने ओढलेला पत्रा काही महिन्यांत भोकापासून तडकतो. चेन कव्हर ३–५ मिमी बाहेर सरकवता येतं.

रिम उजवीकडे ओढून चेनपासून जागा काढणं ही गॅरेजमधली लोकप्रिय युक्ती आहे, आणि आम्ही ती कधीच सुचवणार नाही. तशी केली की मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत राहत नाही. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते आणि एका बाजूचं वळण दुसऱ्यापेक्षा वेगळं लागतं. रिम बदलताना आरे कापण्याआधी ब्रेक ड्रमच्या कडेपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर सरळ पट्टी लावून मोजून लिहून ठेवा. नवी रिम जास्त रुंद असेल तर दोन रिमच्या रुंदीतल्या फरकाचा अर्धा भाग त्यात धरा, म्हणजे मध्य तिथेच राहील.

चिमट्याच्या दांड्याला हातोड्याने खळगा पाडणं त्याहून वाईट. नळी दबली की तिची ताकद जाते, आणि तडा पहिल्यांदा वेल्डिंगच्या शेजारी जातो. चेसिसला हात न लावण्याचं आणखी एक कारण आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. साठ-सत्तरच्या दशकातली बुलेट असेल तर मूळ रिम, मूळ चेन कव्हर आणि काढलेला प्रत्येक बोल्ट डब्यात जपून ठेवा.

टायर चढवणं

जुनी रिम आतून तारेच्या ब्रशने घासून गंज काढा, आऱ्यांची वर आलेली टोकं कानशीने सपाट करा आणि नवी रबरी पट्टी घाला. ट्यूब नव्या टायरच्या मापाची हवी. ३.२५ ची ट्यूब ४.०० मध्ये ताणून बसवली की ती पातळ होते आणि पंक्चर झाल्यावर हवा एकदम जाते.

टायरच्या बाजूवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना बघा. रंगीत ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी आणा, ती टायरची हलकी बाजू असते. पहिली कड साबणाच्या पाण्याने ओली करून रिमवर ढकला. ट्यूबला फ्रेंच चॉकची (टाल्कची) पूड लावा, आकार येईल एवढीच हवा भरा, आत घाला, व्हॉल्व्हचा नट दोन आटे चढवून सैल ठेवा. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरू करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. मध्ये कुठे अडलं तर टॉमीवर (टायर चढवायच्या लोखंडी पट्टीवर) जोर लावू नका. समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरलेली नसते म्हणून टायर अडतो. गुडघ्याने ती आत दाबा, उरलेली कड जवळपास हातानेच चढते. शेवटी व्हॉल्व्ह आत ढकलून बघा, कडेखाली ट्यूब अडकली असेल तर तो आत जात नाही.

बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत राहून हवा भरा. कडेजवळची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती आत गेली असेल तर हवा सोडा, साबणपाणी लावा, पुन्हा भरा. बसल्यावर दाब चालवण्याच्या आकड्यावर आणा. मूळ मापासाठी बुलेटला पुढे १८–२० पौंड, मागे एकट्याला २८ च्या आसपास आणि दोघांना ३०–३२ असं धरतात. रुंद टायरला त्याच भारासाठी एक-दोन पौंड कमी चालतात, पण मागच्या टायरला २५ च्या खाली जाऊ नका. कमी हवेत टायर रिमवर सरकतो, ट्यूब सोबत ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. व्हॉल्व्ह तिरपा दिसायला लागला की हेच चालू आहे असं समजा.

फुगवलेला ४.०० टायर बऱ्याचदा मडगार्ड आणि चेन कव्हरमधून आत जातच नाही. गाडी एका बाजूला झुकवा, हवा सोडून चाक आत घ्या, मग भरा. याचा अर्थ असाही की रस्त्यात पंक्चर झालं आणि पंप जवळ नसेल तर चाक परत चढवता येणार नाही. पंप गाडीवर ठेवा.

चाक बसल्यावर रेषा तपासा. एक लांब सरळ नळी किंवा ताणलेली दोरी मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून पुढच्या टायरपर्यंत न्या. दोन टायरच्या रुंदीत जेवढा फरक, त्याचा अर्धा पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना सारखा दिसला पाहिजे: मागे १०८, पुढे ९० असेल तर दोन्हीकडे ९ मिमी.

बदलेल ते

४.००-१९ मुळे मागचं चाक एका फेरीत साडेपाच टक्के जास्त अंतर कापतं. १८ अश्वशक्तीच्या इंजिनाला खंबाटकी किंवा कसारा घाटात दोघांना घेऊन हा फरक जाणवतो, चौथ्यात जिथे गाडी चढायची तिथे तिसरा लागतो. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट १७ दातांचं असेल तर एक दात कमी केल्यावर जवळपास तेवढाच फरक भरून निघतो. मागच्या ब्रेकची पकडही त्याच प्रमाणात कमी होते, दांडीचा नट पुन्हा जुळवून घ्या. मागची बाजू १८ मिमी उचलली गेली की १३७० मिमीच्या व्हीलबेसवर गाडी पाऊण अंशाने पुढे झुकते, स्टीअरिंग किंचित चपळ होतं. डबल स्टँडवर चाक जमिनीला टेकू लागतं आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. स्टँडच्या पायाला ८–१० मिमीची पट्टी वेल्ड करून घ्यावी.

पहिली फेरी एकट्याने, ताशी ४० च्या आत, पाच किलोमीटर. निघण्याआधी टायरच्या दोन्ही भिंतींवर आणि माथ्याच्या कडांवर खडूचे जाड पट्टे ओढा. परत आल्यावर रस्त्याला टेकणारा भाग सोडून खडू कुठे पुसला गेलाय ते शोधा. मग मागे माणूस बसवून तेच करा. नव्या रबरावर साच्यातून आलेला गुळगुळीत थर असतो, त्यामुळे पहिले १५० किलोमीटर वळणं बेताने घ्यावीत, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच. १०० आणि ५०० किलोमीटरला ॲलन की घेऊन तीच ठिकाणं पुन्हा मोजा, कारण तोवर टायर पसरलेला असतो, नवे आरे बसलेले असतात आणि चेनचा ताणही पुन्हा घ्यावा लागतो. चेनपाशी ८ मिमीची की शिरत नसेल आणि ६ ची शिरत असेल तर आधी चेन कव्हर, आउट आणि बुश तपासा. ६ चीही शिरत नसेल तर ३.५० वर परत या.